घुबड : रात्रपाळीचा राखणदार



गव्हाला ओंबी धरली की उंदरांचे फावते. ताटे कुरतडून ओंब्या बिळात ओढून नेतात. त्यांच्यावर फुकटचा एक राखणदार आहे. पण तो दिसला की आपण दगड उचलतो. तो म्हणजे घुबड.

चोच आणि नखे पाहिली तर घुबड ससाण्याचा भाऊबंद वाटतो. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1758 साली गिधाड, ससाणा आणि घुबड एकाच गणात घातले होते. पुढे अभ्यास वाढला आणि घुबडांचा गण वेगळा झाला. लोहार आणि सुतार दोघांच्या हाती हातोडा असतो, म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत, तसेच हे. या गणात दोन कुळे आहेत. पत्त्यातल्या बदामासारखे पांढरे तोंड असलेले गव्हाणी घुबड एका कुळातले. पिंगळा आणि शृंगी घुबड दुसऱ्या.

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान फिरवते, जवळजवळ पाऊण वर्तुळ. यात चेटूक काही नाही. गव्हाणी घुबडाचा एक कान किंचित वर, दुसरा खाली असतो. त्यामुळे मिट्ट काळोखातही नुसत्या खसखशीवरून त्याला उंदराची नेमकी जागा कळते. पंखांच्या पिसांना मऊ झालर असल्याने उडताना आवाज होत नाही. उंदीर ते अख्खा गिळते आणि हाडे-केस यांची गुठळी तोंडावाटे टाकते. जुन्या वाड्यात अशी गुठळी सापडली तर काडीने उकलून मुलांना दाखवा. आत उंदरांच्या कवट्या निघतील. घुबड काय खाते याचा याहून चांगला पुरावा नाही.

मग काय करावे?

बांधावरचे ढोलीचे जुने झाड तोडू नका. रात्री बसायला बांधावर पाच-सहा फुटी पक्षीथांबे रोवा. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त होऊन फिरतो. तो घुबडाने खाल्ला की विष त्याच्याही पोटात जाते. म्हणून घुबडाची वस्ती असेल तिथे सापळे लावा. विष वापरलेच तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

दिवाळीच्या सुमारास करणीसाठी घुबडे पकडणारे फिरतात. त्यांना थारा देऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, मारणे व विकणे गुन्हा आहे. घुबड ओरडल्याने घरातले माणूस जात नाही. घुबड गेल्याने मात्र कणगीतले धान्य जाते.