अंकांना सोन्याचा मुलामा कशाला?

संगणकातले गाणे होम थिएटरच्या मोठ्या स्पीकरवर ऐकायचे, तर संगणक आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एक केबल लागते. ती आणायला दुकानात गेलात की दोन केबली समोर येतात. एक काही शे रुपयांची, दुसरी काही हजारांची. दुसरीच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतो आणि तिने आवाज अधिक स्वच्छ, अधिक गोड येईल असे विक्रेता सांगतो. घरात महिन्याचा हिशेब जुळवणाऱ्या आईवडिलांपुढे हा प्रश्न लहान नाही.

माझे मत प्रथमच सांगून टाकतो. जोडणी अंकीय असेल, तर महाग केबलीने आवाज गोड होतो हा दावा मानायला सबळ कारण नाही. मात्र मी म्हणतो म्हणून तुम्हीही ते मानू नये. आधी कारण समजून घ्या, मग प्रयोग करा.

संगणकात गाणे साठवलेले असते ते अंकांच्या रूपात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचे उदाहरण घेऊ. तीत ध्वनितरंगाची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असते. प्रत्येक मापासाठी ० किंवा १ अशी १६ चिन्हे वापरतात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी झाली. डावा आणि उजवा असे दोन प्रवाह धरले, तर सेकंदाला १४,११,२०० चिन्हे होतात. गुणाकार करून पाहा!

ही चिन्हे शेवटी विजेच्या तरंगात बदलावी लागतात, कारण स्पीकरला अंक समजत नाहीत. प्रश्न एवढाच की हा बदल कोठे करायचा?

तो संगणकातच केला, तर हेडफोनच्या भोकातून विजेचा कमीजास्त होणारा दाब बाहेर पडतो. केबलीत या दाबात जी काही भेसळ होईल, ती आवाजाचाच भाग बनते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. संगणक आणि रिसीव्हर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेले असले, की केबलीच्या आवरणातून नको असलेला प्रवाह वाहू लागतो आणि स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा घुमारा ऐकू येतो. या जोडणीत केबलीचे आवरण चांगले असण्याला नक्कीच महत्त्व आहे.

दुसरा मार्ग म्हणजे अंक तसेच रिसीव्हरकडे पाठवायचे आणि तरंग तेथे बनवायचा. येथे सगळा हिशेबच बदलतो. असे समजा, की वर्ध्याच्या बाजारातला कापसाचा भाव तुम्ही चिठ्ठीवर लिहून शेजारच्या सिंदी मेघे येथे पाठवलात. कागद वहीचा असो की लग्नपत्रिकेचा, आकडे वाचता आले तर भाव तोच कळणार. कागद महाग म्हणून कापसाचा भाव वाढत नाही! उलट कार्बन कागद ठेवून एखादे चित्र उतरवले, तर कागदाच्या सुरकुत्याही चित्रात उतरतात. पहिली गोष्ट अंकीय जोडणीची, दुसरी हेडफोनच्या भोकाची.

अंकीय जोडणीचा एक सुंदर प्रकार प्रकाशावर चालतो. जपानच्या तोशिबा कंपनीने तो १९८३ साली आणला. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या तंतूतून तांबडा प्रकाश लुकलुकत जातो आणि रिसीव्हर फक्त ‘उजेड की अंधार?’ एवढेच ओळखतो. केबलीचे मोकळे टोक तळहातासमोर धरा, तांबडा ठिपका दिसेल. पुस्तकातले पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह १९५४ साली अशाच तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवण्याचे काम प्रसिद्ध केले होते. या तंतूतून वीज मुळीच जात नाही, त्यामुळे या वाटेने घुमारा येण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग सगळ्या केबली सारख्याच का? नाही. तंतू तुटलेला, फार वाकवलेला किंवा फार लांब असेल, तर जोडणी बिघडते. पण ती बिघडते कशी, हे ध्यानात घ्या. आवाज तुटतो, कटकट होते किंवा एकदम शांतता पसरते. सारे अंक नीट पोचत असताना गाणे ‘जरा कमी गोड’ लागावे, असे होत नाही.

काही जाणकार म्हणतात, की अंक बरोबर पोचले तरी त्यांच्या येण्याचा ठेका किंचित हलू शकतो. हा आक्षेप पोकळ नाही. रिसीव्हरमध्ये ठेका सारखा करणारी मंडले असतात ती त्यासाठीच. पण उरलेला फरक कानाला कळतो का, हे वाद घालून ठरणार नाही. ते ऐकूनच ठरवले पाहिजे.

त्यासाठी असा प्रयोग करा. साधी आणि महाग अशा दोन केबली मिळवा. एका मित्राने पडद्याआड बसावे, नाणे उडवावे आणि छापा-काट्याप्रमाणे केबल लावावी. आवाजाचे बटण हलवू नये. तुम्ही तेच गाणे ऐकून कोणती केबल आहे ते कागदावर लिहावे. असे दहा वेळा करा आणि शेवटीच ताडून पाहा. नुसत्या अंदाजाने दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये १ आहे. नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १,०२४ मध्ये ११. म्हणून नऊ उत्तरे बरोबर आली तरच फरक कळला असे म्हणायचे, हे आधीच ठरवून ठेवा. निकाल माझ्या मताविरुद्ध गेला, तर प्रयोग पुन्हा करा. पुन्हा तसेच झाले, तर माझे मत सोडून द्या.

पैसे खर्च करण्यापूर्वी खरी चौकशी वेगळीच करायची असते. प्रकाशाच्या केबलीतून दोन प्रवाह पूर्ण रूपात जातात, पण सहा स्पीकरचा आवाज डॉल्बी डिजिटलसारख्या पद्धतीने आवळूनच पाठवावा लागतो. तो पूर्ण रूपात हवा असेल, तर एचडीएमआय ही जोडणी लागते. आपल्या संगणकाला आणि रिसीव्हरला कोणते भोक आहे ते पाहा. उरलेले पैसे स्पीकरसाठी ठेवा, कारण तेथला फरक कानाला सहज कळतो.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. हाताने काम करत शिकावे हा विचार मांडणारी शिक्षण परिषद ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच भरली होती. त्या जिल्ह्यातल्या शाळांनी तरी नाणे, पडदा आणि दोन केबली यांचा हा तास विज्ञान मंडळात अवश्य घ्यावा. जाहिरात तपासून पाहण्याची सवय लागली, तर ती औषधाच्या, खताच्या आणि बियाण्याच्या दुकानातही उपयोगी पडेल.