तुपकी : बांबूच्या नळीतील कोंडलेली हवा

१/ गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणाऱ्या इंद्रावतीच्या काठी, वरच्या अंगाला, बस्तरचे जगदलपूर वसले आहे. तेथील गोंचा रथयात्रेत जगन्नाथाला सलामी दिली जाते ती ‘तुपकी’ने. मराठी बखरींतील ‘तुपक’ याच कुळातला शब्द.

२/ तुपकीत दारू नसते. पोकळ बांबूच्या नळीच्या तोंडाशी मालकांगोणीचे एक फळ घट्ट बसवतात आणि मागून दुसरे फळ दांड्याने रेटतात. मधली हवा दाबली जाते व पुढचे फळ मोठ्या आवाजासह उडते.

३/ याच तत्त्वावर गिरार्दोनीची वायुबंदूक १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियन सैन्यात आली. तिच्या दस्त्यात हवेची टाकी होती. म्हणून ती प्राणघातक ठरली. तुपकीत हवा क्षणभरच कोंडते आणि जोर हाताच्या रेट्याइतकाच राहतो. तिचा सौम्यपणा तिच्या रचनेतच आहे.

४/ तरीही गिरार्दोनीला शस्त्रेतिहासात मानाचे पान आणि तुपकी मात्र ‘खेळणे’! हा निवाडा अन्यायाचा आहे. संहार हाच तंत्रज्ञानाचा मापदंड मानला, तर अरण्यातील कारागिरांचे ज्ञान इतिहासाच्या उंबरठ्याबाहेरच राहील.