वादळाची रेघ आणि समुद्राचें पाणी

आपल्या समुद्रांत उठणाऱ्या तुफानास आपण चक्रीवादळ म्हणतों; तेंच अटलांटिक महासागरांत उठलें म्हणजे त्यास हरिकेन म्हणतात. सन २०२२ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानावर कोसळलेल्या ‘इयन’ नामक हरिकेनाची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं लक्षपूर्वक वाचावी, अशी आमची इच्छा आहे.

ता. २७ रोजीं हें वादळ पश्चिम क्यूबावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं १२५ मैल होता. तें बेट ओलांडून मेक्सिकोच्या आखातांतील ऊन पाण्यावर येतांच तें फोफावलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं हा वेग १६० मैलांवर गेला. वादळाच्या पोटांत विमानें घालून त्याची नाडी पाहणारे शास्त्रज्ञ तेथें आहेत. माहितीची वाण नव्हती. मग माणसें कां बुडालीं?

वादळाचें केंद्र कोठें जाईल हें दाखविण्यासाठीं नकाशावर एक शंकु काढितात. मागील पांच वर्षांच्या अंदाजांत किती चूक झाली, त्यावरून त्याची रुंदी ठरते, व केंद्र तीनांतून दोन वेळां त्याच्या आंत राहतें. लोक मात्र शंकु सोडून मधली रेघ तेवढी पाहतात. आरंभीं ही रेघ टँपा शहराकडे होती. दक्षिणेकडील ली परगणा शंकूच्या कडेस होता, म्हणून तेथील पुष्कळ लोक निर्धास्त राहिले. शेजारच्या परगण्यांनीं ता. २६ रोजींच किनारा सोडण्याचे हुकूम काढिले. ली परगण्याच्या हुकमास ता. २७ ची सकाळ उजाडली. अंदाज सारखा बदलत होता, असें समर्थन करण्यांत आलें. तें आम्हांस पटत नाहीं. अंदाज बदलता आहे, हेंच तर लवकर निघण्याचें कारण!

ता. २८ रोजीं दुपारीं केंद्र कायो कोस्टा बेटावर आलें. उत्तर गोलार्धांत हे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळें केंद्राच्या दक्षिणेस त्यांनीं समुद्र जमिनीवर लोटला. तेथील तळ दूरवर उथळ, म्हणून पाण्यास खालीं जाण्यास वावच नव्हता. फोर्ट मायर्स बीच या गांवांत दहा ते पंधरा फूट पाणी चढलें. वाऱ्यानें उडालेल्या छपरांचीं चित्रें सर्वत्र छापून आलीं खरीं, परंतु वादळानें प्रत्यक्ष घेतलेल्या बळींपैकीं बहुसंख्य या उधाणाचेच होते, व त्यांत वृद्ध फार.

वादळाचा वर्ग केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरतो. सन २००५ चें ‘कत्रिना’ किनाऱ्यास लागलें तेव्हां तिसऱ्या वर्गाचें होतें, तरी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर सुमारें २८ फूट पाणी आलें! यास्तव वर्गाचा आंकडा मागें ठेवून, ‘तुमच्या दारांत इतके फूट पाणी येईल’ असें आधीं सांगावें, हें आमचें मत आहे. उधाणाचा स्वतंत्र इशारा तेथें सन २०१७ पासून देतातच. तो पहिल्या ओळींत यावा, इतकेंच.

त्याच दिवशीं टँपाच्या उपसागरांत वारा जमिनीवरून वाहिल्यामुळें पाणी ओसरलें, आणि लोक कौतुकानें उघड्या तळावर हिंडले. पुढें सन २०२४ च्या सप्टेंबरांत ‘हेलीन’चें केंद्र समुद्रांतून सुमारें शंभर मैल दुरून गेलें, टँपाच्या बाजूस कोणतीही रेघ नव्हती, आणि त्या रात्रीं तोच उपसागर लोकांच्या घरांत शिरला.