विचारू नका, बसा!

जोमतिएनला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, ‘ते कुठं आलं?’ ‘पट्टायाच्या शेजारी’ असं सांगितलं की डोळा मारतात. या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मारला, तोही भर सभेत, बिघडलेल्या पंपावर बोलता बोलता. त्यांच्या नजरेपुढं काय होतं कोण जाणे. मी तिथं पाहिले ते पेन्शनर. ब्रिटिश, जर्मन, नॉर्वेजियन, रशियन. सकाळी टोपी घालून किनाऱ्यावर फेऱ्या मारणारे आणि नंतर तासभर एका कॉफीवर बसून पौंडाचा भाव घसरल्याचं दुःख करणारे.

माहिती थोडक्यात उरकतो. बँकॉकहून साधारण दीडशे किलोमीटरवर पट्टाया. १९७८ पासून तिथला कारभार खास दर्जाच्या नगर प्रशासनाकडे आहे. दक्षिणेला प्रातुम्नाकची टेकडी आणि टेकडीपलीकडं जोमतिएन. पन्नाशी गाठलेल्या परदेशी माणसानं थाई बँकेत ८ लाख बात ठेवले किंवा महिना ६५ हजारांचं उत्पन्न दाखवलं, की निवृत्तांना मिळणारा मुक्काम वर्षावर्षानं वाढवून घेता येतो. शिवाय दर ९० दिवसांनी ‘मी अजून याच पत्त्यावर आहे’ असं सरकारला कळवायचं.

माझा साताऱ्याचा एक वर्गमित्र असाच तिथं राहिलाय. रायोंगकडच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी झाली, निवृत्त झाला आणि परत आलाच नाही. रिक्षावाल्यांशी माझं जुनं वैर आहे, आणि त्याला ते ठाऊक. म्हणून समुद्र राहू दे, आधी मला सोंगथेव दाखवायला घेऊन गेला. सोंगथेव म्हणजे आपलं वडापच. पिकअप गाडी, मागं समोरासमोर दोन बाकडी, वर छप्पर, जागा संपली की पायरीवर उभं राहायचं. किनाऱ्याचा बीच रोड एकेरी, दक्षिणेकडं जाणारा. त्यामागचा सेकंड रोड एकेरी, उत्तरेकडं. गाड्या दिवसभर हे रिंगण घालतात. जोमतिएनच्या गाड्या सेकंड रोड आणि साउथ पट्टाया रोडच्या नाक्यावर भरतात आणि टेकडीच्या बगलेनं थाप्राया रोडवरून उतरतात.

आता खरी गोम. चढताना काही बोलायचं नाही. उतरायचं ठिकाण आलं की छताजवळची बेल दाबायची, उतरायचं, पुढं ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन नाणं द्यायचं आणि चालू लागायचं. मी होतो तेव्हा दहा बात पडत. पण चढण्याआधी ‘किती?’ असं विचारलंत की संपलं. ज्याला भाव माहीत नाही त्याला अख्खी गाडी भाड्यानं हवी असणार, असं ड्रायव्हर धरून चालतो आणि दहाचे दोनशे होतात.

यामुळं तिथल्या गोऱ्या-सावळ्या समस्त रहिवाशांत एक अजब जातिव्यवस्था तयार झालीय. तुम्ही तिथं किती वर्षं आहात, थाई येतं की नाही, याला फारशी किंमत नाही. मुठीत मोजकी नाणी धरून, तोंड मिटून चढणारा तो आपला. विचारणारा तो पर्यटक. विचारणाऱ्याकडं हे लोक ज्या करुणेनं बघतात ती बघवत नाही. त्यातही जोमतिएनवाले पट्टायावाल्यांना गोंगाटातले म्हणून नाकं मुरडतात आणि पट्टायावाले जोमतिएनला वृद्धाश्रम म्हणतात. मधे टेकडी एवढीशी. सुखुमवित हमरस्ता आणि रेल्वेरूळ ओलांडून स्वस्त बंगल्यांत राहायला गेलेल्यांना तर दोघंही ‘डार्क साइड’ला गेला म्हणतात, जणू माणूस वारला.

मित्र या पंथातला कट्टर. नाक्यावर आम्ही गाडीत बसलो होतो आणि खाली मराठी बोलणं ऐकू आलं. चौघांचं कुटुंब, गळ्यात पाऊच, हातात थेपल्यांची पिशवी. मला उचंबळून आलं. यानं मान फिरवून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला घेतली. हा माणूस वर्षातून दोनदा मला फोन करून ‘इथं मराठी कानावर पडत नाही रे’ म्हणून गळा काढतो! मी त्याला कोपरानं ढोसणार, तोच खालून बाईंचा आवाज आला, ‘अहो, आधी विचारा ना किती घेणार ते!’

आता मात्र त्याच्यातला सातारकर उफाळून आला. छपराखालून अर्धा बाहेर वाकत तो ओरडला, ‘वहिनी, विचारू नका! नुसतं बसा!’

चौघं जागच्या जागी थबकले. बाईंनी पर्स पोटाशी धरली. नवऱ्यानं याच्या उन्हानं रापलेल्या चेहऱ्याकडं, हाफ पँटकडं नीट पाहिलं आणि हलक्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘चला पुढं. एजंट आहे.’

पुढच्या गाडीशी जाऊन त्यांनी भाव विचारला, घासाघीस केली आणि दोनशेत ती अख्खी घेतली.