रोझीला कोणी मारलं, हे वेळेवर सांगायला हवं होतं



आमच्या घरातल्या कॉलेजच्या मुलींनी ‘द किलिंग’ ही अमेरिकन रहस्यमालिका सुट्टीत बसून संपवली. आपली जेवणं दिवस मावळायच्या आत उरकतात, संध्याकाळ मोकळी असते, म्हणून मीही त्यांच्याबरोबर बघितली. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग संपला, खुनी काही सापडला नाही, आणि मुलींनी लगेच दुसरा सीझन लावला. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. पण २०११ साली हाच भाग अमेरिकेत टीव्हीवर लागला तेव्हा बघणारे भयंकर चिडले होते. आजही रहस्यमालिकांच्या फसलेल्या शेवटांची यादी निघाली की त्यात हा भाग असतोच. मी हे सांगितल्यावर मुली म्हणाल्या, “यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?”

चिडण्यासारखं होतं, असं माझं मत आहे. का, ते आज लिहिते. पुढे खुन्याचं नावही येणार आहे, त्यामुळे ज्यांना मालिका बघायची आहे त्यांनी आधी ती बघून घ्यावी आणि मग हे वाचावं.

गोष्ट अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातली. रोझी लार्सन नावाची शाळकरी मुलगी घरी येत नाही. तळ्यात बुडालेली एक गाडी पोलिसांना सापडते आणि तिच्या डिकीत रोझीचा मृतदेह. ती गाडी महापौरपदाच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या डॅरेन रिचमंड या नेत्याच्या प्रचारातली. सॅरा लिंडन ही पोलीस अधिकारी नोकरी सोडून दुसऱ्या गावी लग्न करायला निघालेली असते, ती या तपासात अडकून पडते. तिच्या जोडीला होल्डर हा नवा अधिकारी.

पण आपल्यासारख्यांना धरून ठेवतं ते रोझीचं घर. बाप स्टॅन लोकांचं घरसामान हलवायचा धंदा करतो. आई मिच, दोन लहान भाऊ, आणि मदतीला येऊन राहिलेली मावशी टेरी. एरवीच्या खुनाच्या मालिकेत प्रेत सापडलं की घरचे एकदा रडतात आणि पुढं दिसेनासे होतात. इथं तसं नाही. या मालिकेतला जवळजवळ एकेक भाग म्हणजे तपासाचा एकेक दिवस, आणि प्रत्येक दिवशी आपण त्या घरात जातो. मुलांचा डबा कोण भरणार, रोझीच्या खोलीचं काय करायचं, असले प्रश्न तिथं पडलेले असतात. मिचचं काम करणाऱ्या मिशेल फोर्ब्सला त्या वर्षी एमी पुरस्काराचं नामांकन मिळालं ते उगाच नाही.

आता २०११ मध्ये हे बघणाऱ्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मालिका ३ एप्रिलला सुरू झाली. पहिल्या दिवशी दोन भाग आणि नंतर दर रविवारी एक. एकूण तेरा भाग, म्हणजे बारा रविवार. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न होता: रोझी लार्सनला कोणी मारलं? दर आठवड्याला संशय एकेकावर जाणार. आधी शाळेतला मित्र, मग शिक्षक, मग पुढारी. त्या शिक्षकाला तर रोझीचा बापच संशयापायी मरणाच्या दारात नेऊन ठेवतो, आणि शिक्षक निरपराध निघतो. बघणारी बाई हे सगळं सोसते, कारण शेवटी उत्तर मिळणार याची तिला खात्री असते.

मग १९ जूनचा तो भाग येतो. पुलावरच्या टोलनाक्याच्या फोटोवरून रिचमंडला अटक होते. लिंडन मुलाला घेऊन विमानात बसते. आणि विमान सुटायच्या आधी तिला फोनवर कळतं, की त्या पुलावरचे कॅमेरे बंदच होते, म्हणजे फोटो खोटा आहे. तो खोटा पुरावा उभा केलाय तिच्या जोडीदारानं, होल्डरनं. तिकडं रिचमंडच्या दिशेनं एक जण पिस्तूल घेऊन चालत येतो. आणि संपलं! पुढचं पुढच्या वर्षी.

म्हणजे नुसतं उत्तर दिलं नाही असं नाही. आधी एक उत्तर हातात ठेवलं आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते काढून घेतलं. शिवाय बारा रविवार ज्या होल्डरवर जीव जडला होता, त्यालाही जाता जाता काळं फासलं. पंगतीत बसवून पान वाढायचं, घास उचलला की पान ओढून घ्यायचं आणि म्हणायचं, “जेवण पुढच्या वर्षी.” माणूस भुकेपेक्षा अपमानानं उठून जाईल.

निर्माती आणि लेखिका वीणा सूद यांचं म्हणणं असं होतं, की पहिल्याच सीझनमध्ये खुनी सांगू असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं. शब्दांत बघितलं तर ते खरंही असेल. पण तोंडानं दिलेला शब्द तेवढाच शब्द नसतो. बाहेर पाटीवर एकच प्रश्न लिहून तुम्ही लोकांना आत बोलावलंत, तेव्हाच त्याचं उत्तर देणं तुमच्याकडं लागलं. मग “आम्ही कुठं तारीख सांगितली होती?” हे वकिली उत्तर झालं.

“रहस्यकथा आहे, उत्सुकता ताणायचीच,” असं कोणी म्हणेल. मान्य. ताणायला माझी हरकत नाही, आणि ताणूनही प्रामाणिक राहता येतं, याचं उदाहरण याच मालिकेच्या घरात आहे. ‘द किलिंग’ ही मुळात डेन्मार्कच्या ‘फोरब्रुडेल्सेन’ या मालिकेवरून केलेली. ती २००७ साली तिथल्या टीव्हीवर लागली. एकच खून आणि वीस भाग, म्हणजे अमेरिकन सीझनपेक्षा सात भाग जास्त. शिवाय दहा भाग झाल्यावर मधे काही महिन्यांचा खंड होता. तरी लोक टिकून राहिले आणि विसाव्या भागात त्यांना खुनी मिळाला. २०११ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बीबीसी फोरवर हीच मालिका खाली इंग्रजी अक्षरं वाचत लोकांनी आवडीनं बघितली. म्हणजे लोकांना धीर नसतो, हे काही खरं नाही. मधे थांबणं लोक समजून घेतात. ज्या भागाला शेवटचा म्हणून बोलावलंत, त्यात तोंड फिरवणं समजून घेत नाहीत.

मला हा राग इतका जवळचा का वाटतो, ते तुम्हाला लगेच कळेल. लग्नाच्या मुलीची आई झालेल्या प्रत्येकीनं “कळवतो” हा शब्द ऐकलेला आहे.

माझ्या नणंदेच्या मुलीला बघायला एक कुटुंब आलं होतं. पोहे झाले, चहा झाला. मुलगा-मुलगी अर्धा तास गच्चीवर बोलून आली. पत्रिका बघितली, घर बघितलं, गावातल्या ओळखी निघाल्या. उठताना मुलाच्या आई म्हणाल्या, “आठ दिवसांत कळवतो.” आठाचे पंधरा झाले, महिना झाला. नणंदेनं मधे आलेली दोन स्थळं थांबवून ठेवली, कारण एकीकडं बोलणं चालू असताना दुसरीकडं बघणं तिला बरं वाटेना. फोन केला की “घरात जरा गडबड आहे, कळवतो.” तीन महिन्यांनी तिसऱ्याच माणसाकडून समजलं, की मुलाचा साखरपुडाही झाला. पोरगी शहाणी. एकच वाक्य बोलली, “नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, मामी.”

दोन्ही गोष्टी सारख्या वजनाच्या नाहीत, हे मलाही कळतं. एक आयुष्याचा प्रश्न आणि एक टीव्हीचा. पण दोन्हीकडं माणूस विश्वासानं थांबलेला असतो, आणि ज्याच्या हातात उत्तर आहे त्याला त्या थांबण्याची किंमत नसते. नकार आला की बाई दोन दिवस रडते आणि उठते. उत्तरच येत नाही तेव्हा तिला रडताही येत नाही आणि उठताही येत नाही.

याचा तोटा पुढं मालिकेलाच झाला. नंतर चॅनलवाल्यांनी कबूल केलं, की प्रेक्षकांच्या अपेक्षा आम्ही नीट सांभाळल्या नाहीत, आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी खुनी नक्की सांगू असं जाहीर केलं. हेच आधी सांगितलं असतं तर? पण तोवर लोक उठून गेले होते. पहिला भाग सुमारे २७ लाख लोकांनी बघितला होता, दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागाला सुमारे १८ लाखच उरले.

आणि मैत्रिणींनो, वाईट याचं वाटतं की शेवटी मिळालेलं उत्तर चांगलं होतं. १७ जून २०१२ च्या भागात कळतं, की ती गाडी तळ्यात लोटली रोझीच्या मावशीनं, टेरीनं. रोझीनं रिचमंडच्या प्रचारवाल्यांचं एक गुपित ऐकलेलं असतं, म्हणून त्यांच्यातल्या जेमीनं तिला मारहाण करून डिकीत कोंडलेलं. टेरीचा त्या लोकांतल्या एका श्रीमंत माणसावर जीव. त्याच्या आणि आपल्या संसाराच्या आड कोणीतरी मुलगी येतेय, एवढंच तिला ठाऊक. आत आपली भाची आहे हे माहीत नसताना ती गाडी सोडून देते. आणि नंतर त्याच घरात राहून रोझीच्या भावांना जेवू घालते, बहिणीचे डोळे पुसते. मूळ डॅनिश मालिकेतला खुनी वेगळा आहे, हे उत्तर अमेरिकन मालिकेचं स्वतःचं. दुसऱ्याची मुलगी म्हणून जिच्याकडं बघितलं नाही ती आपलीच निघाली, ही गोष्ट आपल्यासारख्या बायकांनी बघून त्यावर बोलावं अशी आहे. पण तेव्हा बोलणार कोण? बोलणाऱ्या आधीच निघून गेल्या होत्या.

चिडलेल्यांनाही माझं एक सांगणं आहे. त्यांचा पुष्कळसा राग वीणा सूद या एका बाईवर निघाला. कामाला नावं ठेवा, भाग वाईट झाला म्हणा, बघणं सोडा, तो आपला हक्क आहे. पण करणाऱ्या माणसाची अक्कल काढायची, हे मला पटत नाही. चॅनलची जाहिरात, चॅनलचं वेळापत्रक, आणि शिव्या मात्र लिहिणारीला, यातही न्याय नाही. शिवाय त्या गदारोळात “खुनी कोण” एवढंच लोकांच्या तोंडी राहिलं. ज्या मिचसाठी बारा रविवार डोळे ओले केले, ती त्या शेवटच्या भागात घर सोडून निघून जाते, दोन पोरं मागं टाकून. त्याबद्दल फारसं कोणी बोललंच नाही. फसवणूक झाली की असं होतं, माणसाचं लक्ष हिशेबाकडं जातं आणि दुःखाकडून निघून जातं. तो दोष मी आधी फसवणाऱ्याचाच मानते.

तेव्हा ही मालिका बघायची असेल तर पहिले दोन सीझन, सव्वीस भाग, एकामागोमाग बघा. तेराव्याला थांबू नका. सव्विसाव्याच्या शेवटी लार्सन कुटुंब रोझीनं स्वतः केलेली एक छोटी फिल्म बघत बसतं, आणि आपण पहिल्यांदा त्या मुलीला तिच्या स्वतःच्या नजरेतून भेटतो. ती भेट २०११ साली थांबलेल्या कितीतरी जणींना मिळाली नाही. आणि घरात कोणाला “कळवते” म्हणून ठेवलं असेल, तर हो असो की नाही, आज फोन करून टाका.