द्राक्षांचा माग: रॉटरडॅमला एक, पंचवटीला दुसरा

१/ २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांवरून युरोपने भारतीय द्राक्षांवर बोट ठेवले. त्या धक्क्यातून २००६ मध्ये अपेडाची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था उभी राहिली: बागेची नोंदणी, नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग.

२/ तरीही २०१० मध्ये नाशिकची द्राक्षे युरोपात अडकली. कारण होते वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्या तपासणीच्या यादीत मात्र हे रसायनच नव्हते. यादीतल्या या उणिवेची किंमत बागायतदारांनी मोजली.

३/ पंचवटीत हातगाडीवरून किलोभर द्राक्षे घेणाऱ्या गृहिणीला मात्र बागेचा पत्ता आजही कळत नाही. तिची तपासणी म्हणजे मिठाच्या पाण्याचे पातेले. फळात भिनलेले रसायन त्याने निघत नाही. उलट मण्यांवरचा पांढुरका थर, जो बहुधा नैसर्गिक मेणाचा असतो, तोच तिला विषारी वाटतो. माहिती नसली की भीती चुकीच्या खुणेवर बोट ठेवते आणि निर्दोष बागायतदाराचा मालही गाडीवर पडून राहतो.

४/ अन्नसुरक्षा व मानके कायदाही २००६ चाच. रॉटरडॅमच्या ग्राहकासाठी जो माग ठेवता येतो, तो पंचवटीच्या ग्राहकासाठीही ठेवलाच पाहिजे.