हिशेबनीस कोणाला म्हणावे?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री महाराष्ट्रातील लहान व्यापारी वहीची भक्तिभावाने पूजा करतो; परंतु त्या वहीत प्रत्यक्षात काय लिहिले जाते, याची विचारपूस वर्षभरात तो क्वचितच करतो. विवरणपत्राची मुदत जवळ आली की बिलांची पिशवी हिशेबनीसाच्या टेबलावर नेऊन ठेवावी आणि 'कर कमीत कमी बसवा' एवढे सांगून दुकान गाठावे, हा सर्वसाधारण रिवाज आहे. हिशेबनीस निवडतानाही प्रश्न दोनच विचारले जातात : फी किती घेणार आणि कर किती वाचविणार? वरवर व्यवहारी वाटणाऱ्या या दोन प्रश्नांनीच अनेक धडधाकट धंदे गोत्यात आणले आहेत.

या मनोवृत्तीला इतिहास आहे. १९७३-७४ साली व्यक्तिगत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातील सव्वादोन रुपये हाती ठेवणारा दर माणसाला प्रामाणिक राहू देत नाही, हे वांछू समितीने १९७१ च्या आपल्या अहवालात सरकारला बजावले होते. त्या काळात 'कच्ची वही' आणि 'पक्की वही' हा भेद रूढ झाला आणि जो दोन्ही वह्यांची बेमालूम सांगड घालील तो हुशार हिशेबनीस, अशी व्याख्या बाजारपेठेत रुजली. दर गेले, परिस्थिती बदलली. व्याख्या मात्र अद्याप तशीच आहे.

ती किती कालबाह्य झाली आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नियमांनुसार, अनुमानित उत्पन्नाची योजना स्वीकारणाऱ्या लहान व्यापाऱ्याला बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के आणि रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के नफा दाखवावा लागतो. दोन कोटी रुपयांची सर्व विक्री बँकेमार्फत झाली असेल आणि प्रत्यक्ष नफा त्याहून अधिक नसेल, तर उत्पन्न बारा लाख रुपये ठरते. आणि नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीमुळे शून्य होतो. याउलट, त्याच दुकानदाराने विक्री दडविण्याच्या खटाटोपात ती रोखीने केली, तर दीड कोटीलाच तो बारा लाखांवर पोहोचतो. म्हणजे जी लबाडी तो कर वाचविण्यासाठी करतो, तीच त्याला महागात पडते. हे गणित त्याला कोणी मांडून दाखविले नसेल, तर दोष कायद्याचा नव्हे, सल्लागाराचा आहे.

करनियोजन आणि करचुकवेगिरी यांच्यातील सीमारेषा पुसट आहे, असे सोयीने सांगितले जाते. वस्तुतः ती पुरेशी स्पष्ट आहे. मॅकडॉवेल प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या चौकटीतील करनियोजन वैध मानले, परंतु कर टाळण्यासाठी रचलेले बनावट देखावे त्यात बसत नाहीत, असे ठणकावले. पुढे २००३ च्या आझादी बचाव आंदोलन प्रकरणात, कर कमी बसतो एवढ्याच कारणाने खरा व्यवहार अवैध ठरत नाही, हेही त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. लहान व्यावसायिकाने यातून एवढेच घ्यावे की, झालेला व्यवहार कायद्याला सोयीच्या रीतीने करणे हे नियोजन. न झालेला व्यवहार कागदावर उभा करणे ही चोरी.

आणि खरे नियोजन मार्चअखेरीस होत नाही, ते वर्षभर होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एखादा कारखानदार दहा लाखांचे यंत्र घेतो. ते सप्टेंबरात चालू झाले तर पंधरा टक्क्यांप्रमाणे दीड लाखाचा घसारा त्याच वर्षी मिळतो. डिसेंबरात चालू झाले तर वापर एकशेऐंशी दिवसांहून कमी भरल्याने निम्माच. सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत चुकते झाले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा होतो. एका दिवसात एका इसमाला दहा हजारांहून अधिक रोख दिली, तर काही अपवाद सोडता तो खर्च वजावटीस पात्र राहत नाही. भागीदारी पेढीत कामकरी भागीदारांचे वेतन आणि भांडवलावर बारा टक्क्यांपर्यंतचे व्याज ठराविक मर्यादेत वजा होते, पण करारपत्रात तशी तरतूद असेल तरच. यांपैकी एकही गोष्ट वर्ष संपल्यावर दुरुस्त होत नाही. वर्षातून एकदा भेटणारा हिशेबनीस त्यामुळेच स्वस्त असूनही महाग असतो.

कोणतीही सवलत सर्वांना सारखी लागू पडत नाही. वस्तू व सेवा करातील आपसमेळ योजनेत दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला एक टक्का कर भरून मोकळे होता येते. ग्राहकांना थेट विकणाऱ्या किराणा दुकानदाराला ती सोयीची आहे. पण कारखान्यांना माल पुरविणाऱ्याला ती घातक ठरू शकते, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला कराची वजावट मिळत नाही आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. अनुमानित योजनेचेही तसेच. धान्याच्या घाऊक व्यापारात नफा दोन-तीन टक्केच असेल, तर सहा टक्के दाखविणे म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर भरणे होय. शिवाय एकदा स्वीकारलेली ही योजना पाच वर्षांच्या आत सोडली, तर पुढील पाच वर्षे तिचे दार बंद होते. धंद्याचे स्वरूप न विचारता योजना सुचविणारा सल्लागार म्हणजे नाडी न पाहता औषध देणारा वैद्य.

मग पारख कशी करावी? प्रथम पदव्यांचा घोळ मिटवावा. रोजकीर्द आणि खतावणी लिहिणारा मुनीम, विवरणपत्रे भरणारा कर सल्लागार आणि १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा सदस्य असलेला सनदी लेखापाल, या तीन वेगवेगळ्या व्यक्ती आहेत. लहान धंद्याला तिघांचीही गरज पडू शकते. परंतु वैधानिक लेखापरीक्षण केवळ तिसऱ्यालाच करता येते. त्याने प्रमाणित केलेल्या कागदावर २०१९ पासून अठरा अंकी ओळख क्रमांक असावा लागतो आणि तो संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळता येतो. वाचविलेल्या कराच्या टक्केवारीवर फी मागण्यास त्याला आचारसंहितेची बंदी आहे. म्हणून 'परतावा मिळवून देतो, त्यातले इतके टक्के माझे' असे जो म्हणेल, त्याच्या दारातूनच परतावे.

दुसरी कसोटी त्याहून साधी आहे. शासकीय संकेतस्थळांवर व्यापाऱ्याच्या नावापुढे भ्रमणध्वनी क्रमांक कोणाचा नोंदविला आहे? असंख्य दुकानदारांच्या बाबतीत तो हिशेबनीसाचा असतो आणि परवलीचा शब्दही त्याच्याकडेच. खात्याची नोटीस येते, तिची मुदत संपते, दंड बसतो. ज्याच्या नावाने हे सारे घडते त्याला बँकेचे खाते गोठेपर्यंत पत्ता नसतो. चांगला हिशेबनीस या किल्ल्या मालकाच्या हाती ठेवण्याचा आग्रह स्वतःहून धरतो.

तिसरी आणि अखेरची कसोटी अशी की, तो 'नाही' म्हणतो काय? विवरणपत्रावरील सत्यापन मालकाचे असते आणि हिशेबनीसाच्या चुकीची किंमतही प्रथम मालकच मोजतो. चुकीची माहिती देऊन दडविलेल्या उत्पन्नावर कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. २०२५ च्या जुलैत खोट्या वजावटी दाखवून परतावे काढून देणाऱ्या मध्यस्थांविरुद्ध प्राप्तिकर खात्याने देशभर तपासण्या केल्या. तेव्हा आपल्या नावे कोणती देणगी वा कोणते कर्ज दाखविले गेले, याचा खुलासा देण्याची पाळी करदात्यांवरच आली. दंड टळला, तरी शिक्षा टळतेच असे नाही. ज्याने वर्षानुवर्षे नफा दडविला, तो नवे यंत्र घेण्यासाठी बँकेच्या दारात उभा राहतो तेव्हा बँक त्याची विवरणपत्रे मागते आणि त्यांत दाखविलेल्या नफ्यावर कर्ज देता येत नाही, असे सांगते. मग सावकाराच्या व्याजात वाचविलेला सारा कर व्याजासकट निघून जातो.

दोष एकट्या व्यापाऱ्याचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. वरचेवर बदलणारे नियम, सतत डोक्यावर असणाऱ्या मुदती आणि ऐनवेळी अडून बसणारे संकेतस्थळ यांमुळे लहान धंदेवाल्याला दुसऱ्याच्या हाती मान देण्यावाचून गत्यंतर राहिलेले नाही. संसदेने २०२५ साली १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा प्राप्तिकर कायदा संमत केला, तो भाषा सोपी करण्याच्या हेतूने. पण दुकानदाराला स्वतःच्या भाषेत स्वतःचे विवरणपत्र समजेल, तेव्हाच तो हेतू सफल झाला असे म्हणता येईल. तालुक्याच्या ठिकाणच्या व्यापारी संघटनांनी सत्कार समारंभांतून थोडी सवड काढून आपल्या सभासदांना ही किमान साक्षरता दिली, तर ते अधिक उपकारक होईल.

तोवर प्रत्येक व्यावसायिकाने महिन्यातून एक तास आपल्या हिशेबनीसासमोर बसावे आणि वहीतील प्रत्येक मोठ्या आकड्याचा अर्थ विचारावा. जो कंटाळून उत्तर टाळील त्याला बदलावे. जो समजावून सांगेल त्याला मागितलेली फी आनंदाने द्यावी. वहीवर वाहिलेल्या हळदकुंकवाला त्यानंतरच काही अर्थ येईल.